जरा खालच्या पट्टीत

संगीत माणसांना जोडतं. हे वाक्य गंभीर चेहऱ्याने सांगणारा माणूस बहुधा एकटाच वाजवत असतो. चौघांत वाजवणाऱ्याला विचारून बघा.

ती दातांची डॉक्टर होती. तिच्यासमोरच्या माणसाच्या तोंडात दिवसभर कापूस असायचा, त्यामुळे उलट उत्तराची तिला सवय नव्हती. दर रविवारी ताईच्या घरी ती टिन-शिट्टी वाजवायची. पोलिसाची शिट्टी नव्हे. सहा भोकांची, बासरीसारखी पण सरळ तोंडात धरायची धातूची नळी. ताई व्हायोलिन वाजवायची, भाऊजी गिटार.

त्या रविवारी बेल वाजली म्हणून तिने दार उघडलं, तर छातीला भात्याचं अकॉर्डियन बांधलेला एक तरुण चौकटीत अडकला होता.

“तुमच्या भाऊजींच्या ऑफिसातला मी... आत यायचा प्रयत्न करतोय.”

तो हसला. वरची रांग अगदी सरळ, एक दात मागेपुढे नाही. तिने उगीचच केस कानामागे सारले.

पहिलीच धून अर्ध्यावर आली आणि अकॉर्डियन थांबलं. “एक सांगू? तुम्ही जरा... खालच्या पट्टीत घ्या ना.”

तिने शिट्टी तोंडातून काढली. “मी वरच्या पट्टीत बोलले कधी? तोंडसुद्धा उघडलं नाही मी अजून!”

“अहो, तुमच्याबद्दल नाही. शिट्टीबद्दल—”

“शिट्टी माझीच आहे.”

“बरोबर बोलतोय गं तो,” भाऊजी म्हणाले. “आम्ही तिघं खाली वाजवतो आणि तू वरून कुकर लावल्यासारखी.”

“मला माझंच व्हायोलिन ऐकू येत नाही,” ताई म्हणाली. सख्खी बहीण! “पुढच्या महिन्यात आपल्याला हॉस्पिटलच्या कार्यक्रमात वाजवायचंय, तेव्हा खालच्या सुराची शिट्टी आण. नाहीतर टाळ्यांनी ताल धर.”

टाळ्या! ही रविवारची मैफल मुळात तिने जमवली होती. आणि आज आलेल्या भात्यावाल्याने तिला टाळ्यांवर बसवावं? इतके सरळ दात असलेल्या माणसाला इतकं वाकडं बोलता येतं, याचाच तिला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गावातल्या एकुलत्या एक वाद्यांच्या दुकानात शिरली, तर आत हाच.

“पट्टा घ्यायला आलोय,” तो घाईने म्हणाला. “अकॉर्डियनचा.”

“मी विचारलं नाही.”

दुकानदाराने दोन शिट्ट्या पुढे ठेवल्या. एक मधल्या लांबीची, हाताला सोपी. पण तिचा सूर वेगळा, म्हणजे सगळ्या धुनांची बोटं नव्याने बसवायची. दुसरी चांगली हातभर लांब. बोटं जुनीच, आवाज मात्र एक सप्तक खाली. तिने हट्टाने लांब उचलली. खालची भोकं कोसभर दूर! तिने फुंकर मारली. फुस्स...

“हसू नका.”

“हसलो नाही. मनातल्या मनात...”

“तेही नको!”

“बोटांच्या टोकांनी नका झाकू,” तो जवळ येत म्हणाला. “बोटं सपाट टाका, मधल्या पेरांनी झाका. अशी—” त्याने तिचं बोट अलगद आडवं केलं.

“हात धरायला परवानगी लागते.”

“बोट धरलंय. हात अजून... विचारायचाय.”

तिने फुंकर मारली. खोल, मऊ, दमट हवेसारखा सूर निघाला.

“तुम्हाला कसं हो माहीत हे? तुम्ही तर भाता ओढता.”

“काल तुम्ही रागावून गेलात. मग बसून सगळं वाचून काढलं. तुमची शिट्टी बंद झाली तर तुम्ही यायच्या नाहीत... मग मी तिथं कुणासाठी येऊ?”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “आणि पट्टा?”

“पट्टा सकाळीच घेतला.”

“म्हणजे सकाळपासून तुम्ही इथं माझ्या वाटेवर उभे?”

“उभा नाही. यांनी स्टूल दिलं होतं.”

दुकानदाराने मान डोलावली.

“लाज नाही वाटत?” ती कडाडली. “अशी गोष्ट चारचौघांत सांगतात? जरा खालच्या पट्टीत बोला!”

तो वाकला आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

“ऐकू नाही आलं,” ती रागानेच म्हणाली. “परत सांगा.”

त्याने परत सांगितलं, आणि या वेळी हातही धरला. तिने लांब शिट्टी घेतली, आणि आपला हात त्याच्या हातातून काढून घ्यायचं राहूनच गेलं.

हॉस्पिटलच्या कार्यक्रमात तिने एकही सूर न चुकवता वाजवलं. दोघांच्या हट्टाने खुर्च्या शेजारी-शेजारी मांडल्या होत्या. मोठ्या शिट्टीचा आवाज मुळातच मऊ असतो. अकॉर्डियनशेजारी तो पहिल्या रांगेलाही ऐकू गेला नाही.