मागचं डावं चाक

गाडी माझ्या मुलीची, योगिनीची. ती शहराबाहेर मंडीदीपला एका औषधाच्या कारखान्यात काम करते. रोज सकाळी बिट्टन मार्केटमागच्या आमच्या घरातून निघते, संध्याकाळी परत येते. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. या गोष्टीत आकडेच आहेत, म्हणून सांगू शकतो.

मागच्या डाव्या चाकातून घरघर येत होती. बेअरिंग गेलं होतं. चाक ज्यावर बसतं तो हबच बदलायचा होता. नवा हब आठ दिवसांनी मिळणार होता आणि सोमवारी योगिनीला कामावर जायचं होतं, म्हणून भंगारवाल्याकडून एक जुना आणला. चांगला दिसला. फिरवून पाहिला, आवाज नव्हता. शनिवारी तो बसवला, ब्रेकचे लायनर बदलले, चाक चढवलं. गाडी सुरू केली आणि समोर एबीएसचा पिवळा दिवा लागला.

जोरात ब्रेक दाबला तर चाक घसरू नये, म्हणून गाडी चारही चाकांचा वेग सतत मोजत असते. मोजण्यात काही चुकलं की तो दिवा लागतो. मी चाकाचा वेग मोजणारा सेन्सर पुसला. वायर तपासली. डावीकडचा सेन्सर उजवीकडे लावून पाहिला. दिवा गेला नाही.

"बाबा, सगळेजण त्या दिव्याचा बल्बच काढून टाकतात," योगिनी म्हणाली. "तुम्हीही काढा."

"बल्ब काढला तर दिवा दिसणार नाही. बसायचं तर तुला त्याच गाडीत आहे ना."

"मग मला बसनेच जायला लावणार तुम्ही."

"जा. बसमध्ये झोप तरी होते तुझी."

रविवारी दुपारी पराग आला. टी. टी. नगरला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, चाळिशीचा आहे, बडबड्या. गाडीला जोडून तिची मोजमापं दाखवणारा स्कॅनर त्याच्याकडे आहे. गाडी जॅकवर होती, चारही चाकं अधांतरी, इंजिन बंद. ऊन रखरखीत होतं. शेजारच्या कूलरचा आवाज आणि ओल्या वाळ्याचा वास येत होता. परागने स्कॅनर जोडला, चावी फिरवली. पडद्यावर चार चाकांचे चार आकडे आले. तीन शून्यं. चौथा, मागच्या डाव्या चाकाचा, अडतीस.

"काका, चाक फिरवू नका ना."

"मी इकडे तुझ्याशेजारी उभा आहे, पराग."

त्याने वाकून पाहिलं. डावं चाक स्थिर होतं. मी त्यावर हात ठेवला. पडद्यावर एकेचाळीस झाले. मग बारा, मग पुन्हा चाळीस. मग बराच वेळ शून्य. मग वेग चढत गेला. पन्नास, अठ्ठावन्न, त्रेसष्ट... आणि शून्य. मधले आकडे आलेच नाहीत.

थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं. अडतीस, एकेचाळीस, बारा. तेच आकडे, त्याच क्रमाने. मी वीस वर्षं एका कारखान्याच्या गाड्या दुरुस्त करायला त्यांच्या बसने योगिनीच्याच रस्त्याने जात होतो. बारा म्हणजे वाटेतल्या मिसरोदचा स्पीडब्रेकर. लांब शून्य म्हणजे त्याच्या पुढचा सिग्नल.

"हा मंडीदीपचा रस्ता आहे," मी म्हटलं.

पराग हसला. "वा काका, आता तिकीट पण फाडा."

मग त्रेसष्ट आले आणि शून्य. तो हसायचा थांबला.

मी भंगारवाल्याला फोन लावला. हब कुठल्या गाडीचा, विचारलं.

"चचा, पीछे का माल एकदम साफ था," तो म्हणाला. "आगे से पूरी बैठ गई थी गाड़ी, उसमें बैठा आदमी भी नहीं बचा, तभी तो हमारे यहाँ आई."

"कहाँ बैठी?"

"मंडीदीप से थोड़ा पहले. क्यों, आवाज़ कर रहा है क्या?"

"नहीं. आवाज़ नहीं करता."

हब काढायचा, हे ठरलंच. पाना हातात घेतला होता. तेवढ्यात आकडे तिसऱ्यांदा सुरू झाले. अडतीस. एकेचाळीस. पुढे काय होणार ते मला माहीत होतं, आणि माहीत असताना नुसतं उभं राहणं मला जमेना. मी गाडीत जाऊन बसलो.

"काका, काय करताय?"

"तू आकडे वाच."

तो वाचू लागला. आवाज बारीक झाला होता. "शून्य... अजून शून्य... वीस... चव्वेचाळीस... पन्नास..."

अठ्ठावन्न म्हटल्याबरोबर मी ब्रेक दाबला. योगिनीला चालवायला शिकवताना सांगायचो तसा, घाई न करता, पण पुरा.

"एक्कावन्न... चाळीस... तीस... बारा... काका, हे..." तो थांबला. "शून्य."

मी पाय तसाच ठेवला. समोरचा पिवळा दिवा विझला.

परागने स्कॅनर गुंडाळला. चहा नको म्हणाला. माझ्याकडे न बघता गेला.

विझलेल्या दिव्यावर मी विश्वास ठेवला नाही. योगिनीला आठ दिवस बसने पाठवलं. नवा हब आला, तो बसवला, जुना परत केला. स्वतः मंडीदीपपर्यंत गाडी नेऊन आणली. एबीएसचा दिवा लागला नाही. मग चावी तिला दिली.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, आता दुसराच दिवा लागतो. बाजूच्या सीटच्या पट्ट्याचा. टुंगटुंग वाजतो पण."

"पर्स ठेवली असशील."

"पर्स मागे असते."

त्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही, तर तो दिवा लागतो. रिकाम्या सीटला लागत नाही. मी सीटखालची वायर पाहिली, सीट काढून पुन्हा बसवली. परागला बोलावलं, दोनदा उद्या येतो म्हणाला, नंतर फोन उचलला नाही. शेवटी रिकाम्या सीटचा पट्टाच लावून टाकला. दिवा विझला.

आता रोज सकाळी फाटकाशी मीच तो लावतो. हल्ली योगिनी गाडी हळू चालवते, आणि एकटी असताना रेडिओ लावत नाही.

रिकाम्या सीटवर पट्टा ओढून लावला की तो सीटच्या पाठीला चपटा चिकटतो. तुम्हीही लावून बघा. योगिनीच्या गाडीत तो चिकटत नाही. पट्टा आणि सीट यांच्यात वीतभर जागा राहते. त्या जागेत हात घालून मी अजून पाहिलेलं नाही.