भागोजीचं माप

जेवणं झाली असतील तर जवळ सरका. दिवा राहू दे. गेल्या साली दिव्यांच्या अवसेला, गुरुवारच्या रात्री, दर्शनवर काय गुदरलं ते सांगते. दर्शन म्हणजे खालच्या वाडीतल्या सावित्रीचा मुलगा. थापा मारणाऱ्यातला नव्हे.

नदीवर पाच ठिकाणी खांब उभे केलेत ना, ते तो सांभाळतो. प्रत्येक खांबावर पाण्याकडे बघणारा एक डोळा. पाणी किती चढलं ते दर पाव तासाने मोबाइलवर कळवतो. सगळ्यात वरचा खांब डोंगराच्या पायथ्याशी, साकवाच्या छोट्या पुलाजवळ. तिथलं पाणी चार मीटरवर गेलं की खालच्या वाडीत शाळेवरचा भोंगा आपोआप वाजायचा, आणि लोकांना वर चढायला तासभर मिळायचा.

खांबांच्या आधी हे काम भागोजी करायचा. साकवाजवळच्या कातळावर कंदील घेऊन बसायचा आणि कातळावर बांबूची काठी उभी धरून पाणी किती हात चढलं ते मापायचा. पूर ओसरला की काठीवर त्या पुराची एक खाच पाडायचा. पाणी जिथवर लागलं तिथेच, आणि लागून गेल्यावरच. आधी कधी नाही. अवसेला कातळावर दिवा ठेवून नदीला गाऱ्हाणं घालायचा. खांब आले तेव्हा दर्शन त्याला हसत म्हणाला, "काका, आता तुम्ही झोपा. यंत्र जागतंय." वर ती काठी करवतीने मधोमध कापून तिच्या तुकड्यांचा खांबाला टेकू दिलान. भागोजी बघत राहिला. त्याच थंडीत तो गेला. कातळावरचा दिवा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

तर त्या गुरुवारी दुपारपासून धो धो पाऊस, आणि वरच्या खांबाचा आकडा मात्र संध्याकाळपासून एकच. दोन मीटर दहा. कोळ्याने डोळ्यावर जाळं विणलं की असं होतं. पुसून येऊ म्हणून दर्शनने गाडी काढली. सावित्रीची एक बाजू दोन वर्षांपासून लुळी, खाटेवरच असते. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, दाराशी अवसेचा दिवा तेवत होता तो वाऱ्याआड सरकवला आणि निघाला.

साकवापाशी पोचला तेव्हा पावणेदहा. पाऊस थांबलेला. डोळा स्वच्छ होता, पुसायला काही नव्हतंच. बॅटरी मारून खाली पाहिलं. यंत्राचं खरं होतं. एवढा पाऊस होऊन नदी खाली, कातळ पाण्याबाहेर. बरं झालं म्हणाला आणि वळला.

"दोन," मागून कुणी म्हणालं.

कातळावर कंदील. इरलं घेतलेला माणूस पाठमोरा बसलेला. कुणी गुराखी असेल.

"काय दोन, काका?"

माणसाने एक हात पुढे धरला होता, काठी उभी धरावी तसा. मूठ रिकामी.

"अडीच."

पाणी कातळाला शिवलंसुद्धा नव्हतं...

दर्शनने बॅटरी वळवली. कंदील होता. इरलं होतं. इरल्याखाली...

बेडूक गप्प झाले. नदीही.

"तीन."

मग अगदी हळू,

"आवशीला उचल, बाला."

गाडी कशी हाकली ते त्याला आठवत नाही. वाडीत पोचून दारं बडवायला लागला. मोबाइलवर आकडा तोच, दोन मीटर दहा. शेजारचा म्हातारा विठू ओट्यावर येऊन म्हणाला, "भोंगा गप्प, आकडा गप्प, आणि तूच तेवढा बोंबलतोयस. अवस जोरात साजरी केलेली दिसते."

दर्शन घरात शिरला. आईला पाठुंगळी घेतली आणि शाळेची घाटी चढायला लागला. ते बघून बायका उठल्या. वाडीतले कर्ते पुरुष सगळे मुंबईला. म्हाताऱ्यांना, पोरांना, गुरांना बायकांनीच वर नेलं. विठू शिव्या घालत शेवटी आला.

साडेबाराला पाणी आलं. वर डोंगरात दरड कोसळून ओढा अडला होता, म्हणून नदी चढत नव्हती; तो दरडीचा बांध फुटला. भोंगा वाजला नाही. साकव गेला, खांब मुळासकट गेला. त्याने पाठवलेला शेवटचा आकडा दोन मीटर दहा. माणूस एकही गेलं नाही.

सकाळी दर्शन एकटा घराकडे उतरला. घरात चिखल. सावित्रीची खाट आढ्याच्या खांबाला अडकलेली.

आणि दाराच्या चौकटीला टेकून काठी उभी.

भागोजीची. अखंड. सांधा नाही, करवतीचा डाग नाही. तीन हातांवर ताजी खाच, आणि दारावरचा चिखल नेमका तिथवर.

त्याने खाचेवर बोट ठेवलं. बोट वर नेलं...

वर आणखी एक खाच होती. तीही ताजी. भुसा अजून पांढरा. चौकटीच्या वर, वळचणीला लागून.

तिथवर पाणी आजतागायत आलेलं नाही.