चंदाच्या पेशी

हे माझ्यासोबत घडलेलं आहे. मित्राच्या मित्राकडून ऐकलेलं नाही.

हसायचं असेल तर हसा. मी स्वतः विज्ञान शिकलेली आहे. आधी कोणी मला हे सांगितलं असतं, तर मीही हसले असते.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. २०२३ ची भाऊबीज. गोंदिया. विद्यापीठाचं एक संशोधन केंद्र. नाव लिहीत नाही, तिथं अजून माझ्या ओळखीची माणसं काम करतात.

मी डिंपल. गाव गोरेगाव. तेव्हा मी त्या केंद्रात रक्ताच्या कॅन्सरवर पीएचडी करत होते. आणि त्याच काळात माझ्या मामाच्या मुलीला, चंदाला, तोच आजार झाला.

चंदा दवनीवाड्याची. माझ्यापेक्षा लहान. बडबडी, भांडखोर. नागपूरला दाखल केलं तेव्हा तिनंच मला म्हटलं, "दीदी, तुह्या लॅबले पाहिजे ना रगत? घे माह्यावालं. कोनाच्या तरी कामी येईल."

रीतसर परवानगीनं तिचा नमुना आमच्याकडे आला.

पेशंटच्या पेशी काचेच्या फ्लास्कमध्ये फार टिकत नाहीत. काही दिवसांत मरतात. आम्हाला सवय असते.

चंदाच्या पेशी मेल्या नाहीत.

वाढतच गेल्या. माझे गाइड, आमचे सर, खूश झाले. अशा पेशी एखाद्याच लॅबच्या नशिबी येतात, म्हणाले.

चंदाला हे कळलं तेव्हा तिचे केस गेले होते. ती उशीवरून उठून बसली.

"मी इथं मरून राहिली, अन् ते तिथं वाढून राहिले?"

मी तिची चादर सरळ करू लागले. तिनं माझा हात धरला.

"दीदी, मी गेली का त्यायलेबी संपव. मले काचेत ठेवू नोको. माहा जीव नाही सुटनार."

मी सरांना सांगितलं. सर स्वतः नागपूरला आले. सोबत पीयूष होता. पीयूष माझा लॅबमधला जोडीदार, बीएस्सीपासूनचा मित्र. सरांनी चंदाच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटी, वचन देतो. तुझ्यामागं काही ठेवणार नाही."

चंदा हसली. खूप दिवसांनी.

वैशाखात ती गेली.

पीयूष दवनीवाड्याला मातीला आला होता. चंदाच्या आईला, शांतीमामीला, त्यानंच धरून बसवलं. परत येताना मला म्हणाला, "फ्लास्क तू नको नष्ट करू. तुझ्यानं होणार नाही. मी करतो."

दोन दिवसांनी त्यानं सांगितलं, "झालं. माझ्या हातानं सगळं संपवलं."

मी त्याच्यासमोर रडले. वाटलं, असा मित्र मिळायला भाग्य लागतं.

आता भाऊबीजेचं सांगते.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. सगळे गावाला गेले होते. पण पेशींना सुट्टी नसते, त्यांना खाऊ घालावंच लागतं. भावाला ओवाळून मी दुपारी एकटीच लॅबला आले.

फाटकावर छोटेलाल चौकीदार बसला होता. "आज भी मैडम?" म्हणाला आणि चावी दिली.

आत सगळं नेहमीसारखं होतं. खिडकीतून ऊन येत होतं. ज्या पेटीत हात घालून आम्ही काम करतो, त्या हूडचा पंखा घूंऽऽ करत होता.

मी माझ्या फ्लास्कमधलं जुनं पाणी काढलं, नवं भरलं. हे पाणी म्हणजे पेशींचं जेवण. ताजं असलं की गुलाबी दिसतं. पेशींनी खाऊन संपवलं की पिवळं पडतं. त्याला दोन-तीन दिवस तरी लागतात.

फ्लास्क ऊबदार कपाटात ठेवले. हात धुवायला वळले.

परत आले आणि कपाटाच्या काचेतून सहज आत पाहिलं...

सगळे फ्लास्क पिवळे होते.

सगळे.

वाटलं, माझीच चूक. चुकीची बाटली घेतली असेल. मी बाटली उजेडात धरली. गुलाबी होती.

आणि तेवढ्यात...

हूडचा आवाज थांबला.

लाइट होती. हूडमधला दिवा जळत होता. फक्त पंख्याचा आवाज नव्हता. हात पुढं केला तर बोटांना वारा लागत होता.

पंखा फिरत होता. आवाज नव्हता.

मी हाक मारली, "छोटेलाल?"

माझाही आवाज मला ऐकू आला नाही.

किती वेळ तशी उभी होते, सांगता येणार नाही. मग एक आवाज आला. बाजूच्या खोलीतून. बारीक, सारखा...

स्स्स्स्स...

त्या खोलीत आमची नायट्रोजनची टाकी आहे. आत इतकी थंडी असते की पेशी वर्षानुवर्षं झोपवून ठेवता येतात. हव्या तेव्हा जाग्या करता येतात.

दार लोटलं. फरशीवर पांढरी वाफ पसरली होती, घोट्याएवढी. टाकीचं झाकण खाली ठेवलेलं होतं. पडलेलं नाही. ठेवलेलं, सरळ.

आणि एक रॅक वर ओढून टाकीच्या तोंडाशी अडकवला होता.

खोलीत कोणीच नव्हतं. त्या खोलीला दुसरं दारही नाही.

मी हातमोजे घातले. रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात छोट्या कुप्या होत्या. एक उचलली, बर्फ पुसला.

चंदाचा कोड.

अक्षर पीयूषचं.

आणि तारीख... तिच्या तेरवीनंतरची.

मी तिथंच खाली बसले.  ज्याच्यासमोर मी रडले होते, तो त्यानंतर हे भरत होता?

मी त्याला फोन लावला. तो गावी, नवेगावबांधला, त्याच्या घरी होता. मागं मंडईचा गोंगाट, ढोलकी.

"पीयूष, चंदाचं काय केलं तू?"

ढोलकीचा आवाज दूर गेला. तो गर्दीतून बाजूला आला होता.

"बोल ना!"

"डिंपल... सर म्हणाले ठेव. अगं, कितीतरी पेशंटच्या कामी येईल. तुले सांगितलं असतं तर तू मानली असती का?"

"किती आहेत?"

"तिथं तेवढ्याच. पण सरांनी बाहेरच्या लॅबलेबी पाठवल्या. दोन-तीन ठिकाणी."



मग त्यानं आवाज उतरवून विचारलं...

"तुझ्यासोबत कोन आहे?"

"कोणी नाही."

"डिंपल, मजाक करू नोको. कोन रडून राहिलं तिथं?"

मी रडत नव्हते. खोलीत वाफेच्या सरसरीशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं.

"पीयूष, इथं कोणी नाही."

"अबे, आहे ना! तुह्या तोंडाजवळच आहे..."

फोन कटला. त्यानं कापला. नंतर उचललाच नाही.

त्या दुपारी मी एकेक कुपी काढली. औषधात बुडवली. वाफेच्या भट्टीत लावली.  शेवटची घेतली तेव्हा मागं हूडचा पंखा पुन्हा ऐकू यायला लागला.

मला वाटलं, सुटली.

सुट्टीनंतर सरांसमोर उभी राहिले. तुमच्या वचनाचं काय झालं, विचारलं. ते चिडलेही नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "पोरगी मरत होती. मरणाऱ्याला कोणी नाही म्हणतं का? तू शास्त्रज्ञ आहेस की नातेवाईक?"

पीयूष बाजूलाच उभा होता. खाली बघत. 

मी लॅब सोडली. आता गोरेगावला कॉलेजात शिकवते. पीयूष नंतर कधी त्या खोलीत एकटा गेला नाही, असं ऐकलं. खरं-खोटं मला माहीत नाही.

इथंच संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

मागच्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. दक्षिणेकडच्या कुठल्या तरी शहरातली मुलगी. तिथल्या लॅबमध्ये नवीन लागलेली. माझा नंबर तिनं शोधून काढला होता. तुटक्या हिंदीत बोलत होती.

"मैडम, वो सेल्स आपके यहाँ से आए हैं ना? छुट्टी के दिन मैं अकेली रहती हूँ... कोई बात करता है। भाषा समझ में नहीं आती। मैंने रिकॉर्ड किया है। आप सुनेंगी?"

मी तिला म्हटलं, सगळं नष्ट कर. आजच्या आज.

ती म्हणाली, "हमारे सर नहीं मानेंगे, मैडम।"

थोड्या वेळानं ते रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवर आलं.

अजून ऐकलं नाही. परवा शांतीमामी घरी आली होती. फोन समोरच पडला होता. एकदा वाटलं, तिला ऐकवावं. आईला कळेल, पोर काय म्हणते ते.

नाही झालं.

पुसूनही टाकत नाही. तेवढं माझ्यानं होत नाही.