कॅप्टनचे हातमोजे

दुकानात शिरलेल्या माणसाचं डोकं एका गोल काचेसारख्या डब्यात अडकलं होतं!

शिलाई मशीनमागे बसलेल्या मावशीने किंकाळी फोडली. ठिणगीला ती ऐकू आली नाही. तिला जन्मापासून काहीच ऐकू यायचं नाही. पण मावशीचा वासलेला आ दिसला, तशी ती वळली. डब्यातला गडी दोन्ही हात नाचवत होता. गळ्याकडे बोट... कात्रीची खूण... मग नुसती गयावया.

ठिणगी बघतच राहिली. एकवीस वर्षांत ऐकू येणारा एकही माणूस पहिल्या भेटीत तिच्याशी असा हातांनी बोलला नव्हता. सगळे आधी ओरडायचे. जोरात ओरडलं की बहिऱ्याला ऐकू येतं, असा जगाचा समज!

सीट कव्हर कापायच्या कात्रीने तिने गळ्याजवळची पट्टी कापली आणि डबा ओढला. आतून घामाघूम चेहरा निघाला, आणि डोळे. बरे होते डोळे. बरे म्हणजे — चांगलेच होते.

तो भडाभडा बोलायला लागला. तिने कानाकडे बोट दाखवून मान हलवली. तो ओरडला नाही. मोबाईल काढून त्याने लिहिलं, 'अंतराळवीराचं हेल्मेट आहे. शॉर्ट फिल्म करतोय. गोंद वाळेपर्यंत डोक्यावरच ठेवलं. माझी अक्कल!'

तिने लिहिलं, 'अक्कल आतच राहिली असेल. डबा हलवून बघ.'

तो इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं.

मग अंतराळवीरांचे सूट याच दुकानात शिवायचे ठरले आणि डायरेक्टरसाहेबांचा पाय दुकानातून निघेना. "सूट तीन, मापं तीनशे वेळा!" मावशी खुणा करून चिडवायची. तो ठिणगीकडून खुणा शिकायला लागला. चुकला की ती त्याची बोटं धरून नीट वळवायची. तो मुद्दाम चुकतो, हे तिच्या लवकरच लक्षात आलं. पण तिने कुठे सांगितलं!

एकदा त्याने गोष्ट सांगितली. जहाज बिघडतं, तिघं बाहेर पडतात, रेडिओ बंद. बाहेर हवा नाही, आवाज नाही. सगळे मरतात.

"मरतात कशाला?" तिचे हात उसळले. "हातांनी बोला की! आमच्यातली कॅप्टन असती तर जेवायच्या वेळेला सगळे घरी."

त्याने रातोरात गोष्ट बदलली. आता कॅप्टन बहिरी होती. आरशासमोर हेल्मेट घालून ठिणगीने हळूच ऐट केली. कॅप्टन कोण होणार, हे विचारायची तिला गरजच वाटली नाही.

आणि एक दिवस तो जाहिरातीत दिसणाऱ्या एका मुलीला घेऊन आला. "ही आपली कॅप्टन. हिला खुणा शिकवशील?"

झालं! भडकाच उडाला.

"परग्रहावरची हिरवी माणसं चालतात तुला, खरी बहिरी मुलगी चालत नाही?"

"तसं नाही... ओळखीचा चेहरा असला की लोक बघतात..."

"म्हणजे माझे हात हवेत, मी नको! उचल तुझे सूट!" तिने हातमोजे त्याच्या तोंडावर फेकले.

काही दिवसांनी दुकानाच्या काचेबाहेर गर्दी जमली. भर दुपारी तो अंतराळवीराच्या सूटमध्ये उभा राहून खुणा करत होता. उशीएवढे जाड हातमोजे — ठिणगीला एक अक्षर कळेना! शेवटी त्याने ते काढून टाकले.

"चुकलो. त्या मुलीने खुणा पाठ केल्या, पण ती हातांनी बोलत नव्हती. तीच म्हणाली, हे काम माझं नाही. कॅप्टन तूच आहेस."

ठिणगीने त्याला चांगलं तापू दिलं. मग ती बाहेर आली.

"हे हातमोजे कुणाच्या डोक्यातून निघाले?"

"माझ्या."

"शाब्बास! हातांनी बोलणाऱ्या कॅप्टनच्या तोंडात बोळा कोंबलास." ती हसली नाही, पण हसू ओठांशी आलं होतं. "पातळ शिवते. अंधारात दिसतील असे, नारिंगी बोटांचे. आणि ऐक, मी मरणार नाही, रडणार नाही. जहाज मीच घरी आणणार."

"अजून काही, कॅप्टन?"

"ते आणताना सगळा आवाज बंद. कळू दे लोकांना."

पहिल्या खेळाला छोटा हॉल गच्च भरला. पुढच्या रांगेत बहिऱ्या मुलांच्या शाळेची पोरं बसली होती. शेवटाला आवाज गेला. लोक चुळबुळले, स्पीकरकडे बघायला लागले. पडद्यावरच्या काळोखात नारिंगी बोटं म्हणाली, "घाबरू नका. माझ्या मागे या." चुळबूळ थांबली. जहाज घरी आलं.

दिवे लागले. ठिणगीला टाळ्या खुर्चीच्या दांडीतून कळल्या, सगळी दांडी थरथरत होती. तेवढ्यात तो स्टेजवर चढला आणि त्याने दोन्ही हात वर करून हलवले. तिच्या माणसांची टाळी! पोरांनी हात वर केले, मावशीने केले, मग अख्ख्या हॉलने. हातच हात! ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं. न रडायचं फक्त फिल्मपुरतंच ठरलं होतं.

हात खाली आले, त्याचे मात्र वरच राहिले.

"कॅप्टन... मला कायमचं तुझ्या जहाजावर घेशील?"

हॉलला काही कळलं नाही. पुढच्या रांगेला सगळं कळलं. सगळी पोरं गर्रकन वळून तिच्याकडे बघायला लागली.

ठिणगी खुर्चीवर उभी राहिली. "तुझ्या खुणा अजून कच्च्या आहेत."

"मी... मुद्दाम चुकतो."

"माहितीये. म्हणून तर दुरुस्त करत होते!" तिने हात पुढे केला. "ये आता. बोटं आण इकडे."