फोन ठेवल्यानंतर

ती सभागृहाचं दार बाहेरून ढकलत होती आणि आतून कुणीतरी तेच दार तिच्याकडे ढकलत होतं. दोघंही एकदमच थांबली. दार उघडलं तेव्हा समोर अग्निशमन दलाच्या गणवेशातला एक काटकुळा तरुण उभा होता.

“दारं उघडायचाच पगार घेतो मी,” तो ओशाळून म्हणाला, “आणि बघा…”

त्या आवाजानं ती चमकली. ती आपत्कालीन कक्षात कामाला होती. लोकांचे फोन घ्यायचे आणि वायरलेसवरून गाड्या पाठवायच्या, हे तिचं काम. हा आवाज रोजच कानावर पडायचा. दलात सगळे त्याला पैलवान म्हणत, त्यामुळे तिनं मनाशी चांगला आडदांड गडी रंगवून ठेवला होता.

“तुम्ही… पैलवान?” तिला हसू आवरेना.

“आणि तुम्ही कंट्रोल,” तो म्हणाला. “मला वाटायचं, बाई बऱ्याच वयस्कर असणार. फार दटावता तुम्ही.”

प्रशिक्षण होतं ते रोज आगी, अपघात आणि मरण बघणाऱ्यांनी आपलं मन कसं सांभाळावं याचं. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी जोड्या लावल्या. उशिरा आलेली ती आणि दारापाशीच घुटमळणारा तो, अशी दोघं आपोआपच समोरासमोर आली. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं… सल्ला द्यायचा नाही, धीरही द्यायचा नाही.

त्यानं आपल्या साहेबांच्या घोरण्यापासून सुरुवात केली. ती पोटभर हसली, आणि मग नियम मोडून हळूच म्हणाली, “आग मोठी असली की तुम्ही वायरलेसवर जास्त विनोद करता.”

 तो टोपीची कड चाचपत राहिला. मग खाली बघतच त्यानं सांगितलं, की गोदामाच्या आगीत एक माणूस आतच राहिला. तेव्हापासून त्याच्या हातांना येणारा धुराचा वास जात नव्हता. तो हात धूत बसायचा आणि आई न्हाणीघराचं दार वाजवत राहायची. ‘होईल सगळं ठीक’ हे समोर बसलेल्या तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि नुसती बसून राहिली. हळूहळू त्याचे खांदे सैल पडले.

तिच्या पाळीला तिनं एका छोट्या मुलीचं सांगितलं. आई स्वयंपाकघरात कोसळली म्हणून त्या पोरीनं फोन केला होता. मदत पोहोचून दाराची घंटा वाजेपर्यंत हिनं तिला बोलतं ठेवलं. मग फोन बंद झाला आणि लगेच दुसरा वाजला. पुढे काय झालं, ते आमच्यापर्यंत कधी येतच नाही, ती म्हणाली.

त्यानं नुसतं ऐकून घेतलं. नियमच तसा होता.

पुढच्याच आठवड्यात तो कक्षाबाहेर तिची पाळी सुटायची वाट बघत उभा होता. रुग्णवाहिकेवरच्या मित्राला विचारून आलो, म्हणाला. “कळलंय मला. पण आधी सांग… जे असेल ते ऐकायचंय तुला?”

अहो-जाहो कधी गळून पडलं, हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिनं मानेनंच हो म्हटलं.

“आई वाचली. डावा हात अजून नीट चालत नाही. लेक तिची वेणी घालून देते आता.”

ती तिथल्याच पायरीवर बसली आणि मनसोक्त रडली. तो शेजारी बसून राहिला.

मग भेटी वाढल्या. तो डॉक्टरीणबाईंकडे नेमानं जाऊ लागला. आईनं न्हाणीघराचं दार वाजवणं सोडलं होतं, हे तो हसत सांगायचा. एका संध्याकाळी, रिमझिमत्या पावसात एकाच छत्रीतून चालताना, तिनं सहज म्हणावं तसं म्हटलं, “बरा दिसतोस हल्ली. माझ्याशी बोलून फरक पडला वाटतं.”

“नाही,” तो म्हणाला.

ती थबकली.

“बरं करायचं काम डॉक्टरीणबाईंचं. तुझ्याकडे त्यासाठी येतच नाही मी.” त्याचे कान लाल झाले होते. “तुझ्याकडे… तू आवडतेस म्हणून येतो.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो पुढे एकही विनोद करत नव्हता. पावसाचे थेंब छत्रीवर वाजत होते. तिनं छत्री त्याच्या हातातून काढून घेतली, मिटली, आणि मोकळा झालेला तो हात आपल्या हातात घेतला.

“भिजशील की,” तो म्हणाला.

“भिजू दे,” ती म्हणाली आणि चालू लागली.