नवऱ्याच्या नावाचा स्वार

उद्यापासून चाळीस दिवस उपास. त्यामुळे त्या मंगळवारी ल्यों शहरात घरोघरी उरलीसुरली चरबी संपवायची घाई चालली होती. गिगोननंही गोड पापड्या तळायला घेतल्या होत्या. पाळण्यात तीन महिन्यांची ब्लांदीन किरकिरत होती. गल्लीच्या तोंडाशी ढोल आणि तव्यांचा खडखडाट ऐकू आला, तशी गिगोननं कढई खाली उतरवली. वरात आपल्याच दाराशी थांबणार, हे तिला आठवडाभर आधीच कळलं होतं.

गेल्या शरदात, द्राक्षतोडणीच्या दिवसांत तिनं भर गल्लीत नवऱ्याच्या थोबाडीत मारली होती. छापखान्यात राबणारा उंचपुरा एतियेन त्याच संध्याकाळी निघून गेला, पोटुशी बायको मागे ठेवून. त्यानंतर ना निरोप, ना ठावठिकाणा. एकदा परत येऊ दे, मग तो मला काय हवं ते बोलो, एवढंच तिचं रोजचं मागणं होतं.

बायकोचा मार खाल्लेल्या नवऱ्याला या सणात गाढवावर उलटं बसवतात. नवरा गावात नसेल, तर भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यानं त्याच्या नावानं बसायचं. भांडण ऐकूनही तो धावला नाही ना! वरात संपली की शेजाऱ्याच्या बायकोनं त्याला त्याच्या स्वतःच्या नावानं तीनदा हाक मारायची, मगच तो खाली उतरतो. यंदा ही पाळी पावभट्टीवाल्या ऊंबेरवर आली होती. बुटका, गोल, तोंडाला काजळी फासलेला ऊंबेर गाढवाची शेपटी धरून झोकात बसला होता.

वरातीचा म्होरक्या, म्हणजे सणापुरता ‘मूर्खांचा मठाधीश’ झालेल्या चांभारानं डोक्यावरचा कढईचा टोप सावरला. “काय एतियेनराव, कुठल्या गालावर बसली?”

“डाव्या.”

“आणि का बरं?”

“पोटातलं माझं नाही, असं म्हणालो मी. हळूच. तिच्या कानात.”

गल्ली खदखदून हसली. गिगोनच्या हातातला झारा तसाच राहिला. भांडण दारूवरून झालं, असंच तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. ते वाक्य तिच्याखेरीज कुणीच ऐकलेलं नव्हतं.

“आणि आता असतोस कुठं, गाढवा?”

“जागा फार अरुंद आहे,” ऊंबेर म्हणाला. “कूस बदलता येत नाही.”

“म्हणजे दुसरीच्या बिछान्यात!” कुणीतरी ओरडलं. माणसं पोट धरून एकमेकांच्या अंगावर पडली.

ऊंबेर मात्र हसला नाही.

“पेरोनेल, घे गं तुझा नवरा परत!” चांभार म्हणाला.

ऊंबेरची बायको हसून हसून लाल झाली होती. बाहीनं डोळे पुसत तिनं हाक मारली, “ऊंबेर!” मग पुन्हा, “ऊंबेर!” तिसऱ्या वेळी तिनं गर्दीकडे पाहून डोळा मारला आणि एक शेवटची फोडणी दिली.

“एतियेन!”

हशा उसळला. स्वार खाली उतरला.

तो भट्टीकडे गेला नाही. उजवा खांदा वर काढून, तिरका तिरका चालत गिगोनच्या दाराकडे आला. वर्षानुवर्षं छापखान्यातल्या यंत्राचा दांडा ओढणारे तसे चालतात. ऊंबेरनं जन्मात पीठच मळलं होतं.

चौकट त्याच्या डोक्याच्या वर हातभर होती. तरी तो वाकून आत आला.

त्यानं पाळण्यातून पोरीला उचललं. परक्याचा हात लागताच घर डोक्यावर घेणारी ब्लांदीन एकदम शांत झाली.

“माझीच आहे,” तो म्हणाला.

बाहेरून दारावर थाप पडली. “ए ऊंबेर, पुरे झाली मस्करी! पाव करपतील!” पेरोनेलचा आवाज अजून हसरा होता. “गिगोन, पाठव गं माझ्या माणसाला बाहेर.”

गिगोननं त्या काजळी फासलेल्या, ओळखीच्या, शेजारच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

दुसरी थाप पडली. तीत हसू नव्हतं.

गिगोननं आवाज न करता दाराला आतून अडसर लावला आणि पापड्यांची थाळी त्याच्यापुढे ठेवली.

“भूक लागली असेल ना?”

“आता नाही लागत,” तो म्हणाला.