यंत्रात नसलेला नारिंगी

"सोडा तो टीव्ही, ओ मॅडम! मी आधी हात लावलाय."

"हात तुम्ही लावलाय. उचललाय मी!"

शेवगावच्या एका भंगारवाल्याकडे आम्ही दोघं एकाच जुन्या डब्बा टीव्हीला मिठी मारून उभे होतो. एका बाजूनं मी, कैनात, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. दुसऱ्या बाजूनं टीव्ही दुरुस्त करणाऱ्या चांदभाईंचा पोरगा आवेज. डोळ्यांत नुसती मस्करी. असा राग आला मला!

त्याला आतले पार्ट हवे होते. मला अख्खा टीव्ही हवा होता, कारण मामूंचं चाळीस वर्षांपूर्वीचं कॉम्प्युटर तसल्याच टीव्हीवर धड चालतं. कॉलेजच्या प्रदर्शनात मी तेच मांडणार होते, हे त्याला सांगितलं.

"परदर्शन होईस्तोवर टीव्ही तुझा, मग माझा," तो म्हणाला. "पन चालू मलाच करून द्यावा लागंल. दुकानात ये."

मॅडमची 'तू' कधी झाले, कळलंच नाही.

तिसऱ्या दिवशी टीव्ही लागला. मामूंच्या कॉम्प्युटरला रंग आठच, तेही काळा-पांढरा धरून. नारिंगी त्यात नाहीच. पण माझा प्रोग्राम पडद्यावर एकदा लाल काढायचा, लगेच पिवळा, परत लाल... सेकंदाला पन्नास वेळा! एवढ्या घाईत आपला डोळा दोन्ही रंग एकत्र करून टाकतो.

"आयला... नारिंगी!" आवेज स्टुलावरून उठलाच. "थरथरतोय, पन हाय! लई भारी, कैनात."

त्यानं पहिल्यांदा माझं नाव घेतलं. मी आपली पडद्याकडेच बघत राहिले — त्याच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

मग घोळ झाला, तोही माझ्याच हातानं. प्रदर्शनासाठी व्हिडिओ पाठवायचा होता. मोबाईलवर काढला आणि न बघताच पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी आमच्या सरांचा फोन.

"कैनात, यात कधी लाल दिसतंय, कधी पिवळं. नारिंगी कुठाय? या यंत्राला तो रंगच नाही. थापा मारू नकोस. यादीतून तुझं नाव कमी केलंय."

थापा? तीन महिने जीव काढला मी त्या प्रोग्रामवर! दुकानात जाऊन रडले. हो, रडले. आवेजनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मोबाईलला दोन रंग एकदम दिसत न्हाईत," तो म्हणाला. "मानसाला दिसत्यात. मग मानसंच बोलवू की."

"अरे, नाव कापलंय माझं."

"आत कापलंय. गेटभाईर कोन अडवतंय?"

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही टीव्ही आणि मामूंचं कॉम्प्युटर टेम्पोत घातले आणि थेट कॉलेजच्या गेटसमोर उतरवले. वीज चहाच्या टपरीवरून घेतली. पडदा नारिंगी झाला तशी पोरं जमली, आणि गर्दी बघून सरही आले. आल्या आल्या त्यांनी मोबाईल काढला.

"सर, मोबाईल खिशात!" माझा आवाज चढला. "डोळ्यांनी बघा. मग म्हणा मला खोटारडी."

सर वाकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पण... हा रंग यंत्रात नाहीच."

"नाही ना, सर. म्हणून तर काढावा लागला."

मागून पोरांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी हातातली यादी उघडली आणि माझं नाव परत लिहिलं. "चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. "टीव्ही आत आणा."

संध्याकाळी टीव्ही परत टेम्पोत चढवताना आवेज हसला. "आता हा माझा, बरं का."

"तुझा. पण मी रोज बघायला येणार."

"टीव्ही?"

दिवसभर कुणाला भ्याले नव्हते, आता काय भ्यायचं?

"नाही. तुला," मी म्हणाले. "आणि घरी कुणी विचारलं, तर मीच सांगेन."

आवेजनं माझा फोटो काढायला मोबाईल वर धरला. मी डोळे वटारले. त्यानं गुपचूप मोबाईल खिशात घातला आणि नुसता बघत राहिला. या वेळी मीही नजर वळवली नाही.

"उद्या लवकर ये," तो म्हणाला. "अब्बांना मी आजच सांगतो."